'होतंय की' म्हणायला बंदी

माझी नोकरीची मुलाखत बॉयलर हाउसच्या मागं, राखेच्या ढिगाशेजारी उभ्याउभ्या झाली. मी इंजिनिअरिंगची ताजी पदवी घेऊन आलेलो. नवी टेरिलीनची पँट, चापून बसवलेला भांग आणि हातात दाखल्यांची सुरळी. समोर कारखान्याचे चीफ इंजिनिअर. अंगात खाकी कपडे आणि पायात गमबूट. पाऊस उघडून दोन महिने झाले होते, तरी गमबूट. दाखल्यांकडं त्यांनी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

"चहा करता येतो?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, शिपायाची जागा निघालेली दिसते. पण घरी बसून वडिलांची बोलणी खाण्यापेक्षा शिपाई परवडला. "येतो," म्हणालो.

"कसा करतोस?"

"आधण ठेवायचं, मग साखर..."

"आधणाच्या आधी काय?"

"स्टोव्ह पेटवायचा."

"त्याच्या आधी काय?"

"रॉकेल आहे का बघायचं."

"नसलं तर?"

"दुकानात रांग लावायची."

"त्याच्या आधी काय?"

भांगातून घाम खाली यायला लागला. "रेशनकार्ड शोधायचं," मी म्हणालो. "आई कुठंतरी ठेवते, ते सापडत नाही."

साहेबांचा चेहरा एकदम खुलला. "बघ! म्हंजे तुझा चहा कशानं अडलाय? दुधानं न्हाय, साखरनं न्हाय. कार्डानं अडलाय. हे कळलं त्याला सगळं कळलं. उद्यापास्नं ये कामावर."

घरी येऊन हे सांगितलं तर आईनं मलाच धारेवर धरलं. "परक्या माणसासमोर माझी अब्रू काढलीस?" म्हणाली आणि डाळीच्या डब्याखालून कार्ड काढून माझ्या नाकासमोर नाचवलं. तिनं ते आधी दाखवलं असतं तर मला नोकरी लागली नसती, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

"त्याच्या आधी काय?" हा साहेबांचा श्वास होता. माणूस काहीही सांगत आला की ते पहिल्यांदा हेच विचारायचे. एकदा आमचा एक कारकून पेढे घेऊन आला. "साहेब, थोरल्या मुलीचं लग्न ठरलं." साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि सवयीनं विचारलं, "त्याच्या आधी काय?" कारकून पुडा हातात धरून पांढराफटक पडला. "तसलं काही नाही हो साहेब, सोयरिकीतलंच स्थळ आहे!" त्याची समजूत घालता घालता माझी दुपार गेली, कारण असली कामं प्लॅनिंग ऑफिसरकडं असायची. प्लॅनिंग ऑफिसर म्हणजे मी.

आमचा कारखाना साखरेचा, सहकारी, कोल्हापुरातून सायकल हाणत जाता येईल एवढ्या अंतरावर. गोष्ट सत्तरच्या दशकातली. दसऱ्याला बॉयलर पेटवायचा, मग उन्हाळ्यापर्यंत ऊस गाळायचा, आणि गाळप संपलं की अख्खा कारखाना खोलून, साफ करून, दुरुस्त करून परत जोडायचा. आधीची पद्धत अशी की पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून सगळं खोलायचं. जिकडंतिकडं नटबोल्ट, पट्टे, नळ्या. मग चार महिने निवांत. आणि दसरा तोंडावर आला की एकच पळापळ, आणि दसरा हुकला की "पावसानं घोळ केला."

अशात साहेब मुंबईला कसल्याशा कोर्सला जाऊन आले. सुटाबुटातल्या मंडळींत हे गमबूट घालून बसले होते म्हणे. येताना डोक्यात एकच खूळ घेऊन आले. काम म्हणजे बाण. काम संपलं की गोल. कुठला बाण कुठल्या गोलातून निघतो ते ठरवायचं, प्रत्येकाला किती दिवस लागतात ते लिहायचं. सगळ्यांत लांबलचक साखळी जी निघेल ती क्रिटिकल पाथ. त्या साखळीत एक दिवस वाया गेला की अख्खा कारखाना एक दिवस मागं. बाकीच्या कामांना जी सवड उरते तिला फ्लोट म्हणायचं.

हे खूळ भिंतीवर मांडायला त्यांनी मला घेतलं होतं. ऑफिसची एक सबंध भिंत खिळ्यांनी भरून टाकली. खिळा म्हणजे गोल, खिळ्याखिळ्यांत ताणलेली लोकर म्हणजे बाण. साधी कामं हिरव्या लोकरीत, क्रिटिकल पाथ लाल लोकरीत. घरी मी "नेटवर्क अद्ययावत करतो" असं सांगत असे. खरं म्हणजे स्टुलावर चढून लोकर बांधायचो. एवढ्यासाठी मी कॉलेजात चार वर्षं गणितं सोडवली होती.

ही लोकर मी महाद्वार रोडवरून आणायचो. दुकानात बसणाऱ्या बाई दर खेपेला माझ्याकडं कौतुकानं बघायच्या. एकदा म्हणाल्या, "लाल लई नेतासा. कितवा म्हयना?" मी माझ्याच तंद्रीत. "दसऱ्याची तारीख आहे," म्हणालो. बाईंनी लोकरीचा एक गुंडा फुकट दिला आणि वर "जपा त्यास्नी" म्हणून बजावलं. माझं लग्न झालेलं नव्हतं. ही गोष्ट आमच्या गल्लीपर्यंत पोचली आणि नंतर माझी दोन स्थळं मोडली.

एकदा सकाळी येऊन बघतो तर लाल लोकरीचा एक तुकडा गायब. झरोक्यातल्या चिमणीनं घरट्याला नेला होता. मी काठी घेऊन स्टुलावर चढलो, तसे साहेब खालून ओरडले, "ए प्लॅनिंग! उतर खाली. अंडी हाईत तिची. तिचं बी शेड्यूल हाय की." मग मी दुसरी लोकर बांधली. चिमणी तीही घेऊन गेली. पिल्लं उडून जाईपर्यंत आमचा क्रिटिकल पाथ रोज सकाळी तुटायचा आणि रोज मी बांधायचो.

खरी मजा कामगारांकडून दिवस काढून घेण्यात होती. पुस्तकात लिहिलं होतं की प्रत्येक कामाला तीन मुदती विचारायच्या: सगळं नीट झालं तर किती, सगळं बिघडलं तर किती, आणि एरवी किती. साहेब उस्तादपाशी गेले, मागं मी पेन्सिल घेऊन. उस्ताद म्हणजे आमचा बॉयलरचा मिस्त्री, मूळ गडहिंग्लजचा. बॉयलरच्या नळ्यांची तोंडं ड्रमच्या भोकात फुलवून बसवायची असतात. कमी फुलली तर गळतात, जास्त फुलली तर चिरतात. हे काम उस्तादच्या हाताखाली आणखी चौघं करायची, पण तो नसला की एकजण हत्यार उचलत नसे.

"उस्ताद, नळ्यांना किती दिवस?"

"होतंय की."

"तसं न्हाय. सगळं ब्येस झालं तर किती?"

"अल्लाच्या मेहेरबानीनं झालं तर आठवडाभरात."

"आन् सगळं बोंबललं तर?"

"सकाळच्या पारी असं वंगाळ कशापायी बोलताय सायेब?"

"बोल की मर्दा."

"मग म्हयना."

"आता खरं सांग."

उस्तादनं हातातला पाना खाली ठेवला. "खरं पायजे हुतं व्हय? मग आधी दोनदा काय इचारलं?"

मी हसलो, तर साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की पेन्सिलीचं टोक मोडलं.

'होतंय की' या दोन शब्दांवर साहेबांचा दात होता. कधी होतंय? होतंय की. कोण करतंय? होतंय की. अखेर त्यांनी पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून घेतली: 'कारखान्याच्या हद्दीत "होतंय की" म्हणण्यास सक्त मनाई आहे.' पाटी गेटवर ठोकायचं काम वॉचमनकडं दिलं. आठवडा गेला तरी पाटी त्याच्या खोलीत भिंतीला टेकलेली. मी चिडून विचारलं, "अहो, पाटी कधी लावताय?" तो म्हणाला, "होतंय की." शेवटी मीच ठोकली, आणि ठोकताना अंगठ्यावर हातोडा मारून घेतला.

साहेबांच्या घरी मला एकदा मटणाचं जेवण होतं. बारा वाजता पानावर बसायचं होतं. साहेबांनी स्वयंपाकघराच्या दारामागं खडूनं बाण काढले होते, आणि मटण शिजणं हाच क्रिटिकल पाथ असल्याचं सिद्ध केलं होतं. "भाकरीला फ्लोट हाय," ते बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, समजावत होते. बाईंनी परातीतलं पीठ मळता मळता माझ्याकडं बघितलं. "तुम्ही शिकलेलं हायसा न्हवं? मग ह्यास्नी सांगा, भाकरी गार झाली तर मला बोल लावायचा न्हाय." मी शिकलेला असल्यामुळं दोघांच्याही बाजूनं मान हलवली. तांबडा रस्सा अडीचला मिळाला. भाकरी गार होती, आणि साहेबांनी बोल मला लावला.

आता तुम्ही म्हणाल, नुसती गंमतच होती का सगळी? नव्हती. संचालकांपैकी काहीजणांच्या मनात दुरुस्तीचं सगळं काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं होतं. ठेकेदार आला की तो आपली माणसं आणणार, आणि पावसाळ्याभर आमच्या फिटरांना आणि त्यांच्या हाताखालच्या खलाशांना घरी बसवणार. दर वर्षी दसरा हुकत होता, त्यामुळं ठेकेदारवाल्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. संचालकांच्या बैठकीत साहेबांना बोलावलं. चार्ट धरायला मी.

भिंतीवरची लोकर कागदावर उतरवायला मला बरेच दिवस लागले होते. मी मोठ्या दिमाखात कागद उलगडून धरला. संचालक गंभीर चेहऱ्यानं बघू लागले. चेअरमननी चष्मा लावला, काढला. एकजण म्हणाले, "लई खोल काम दिसतंय." साहेब दहा-बारा वाक्यं बोलले आणि मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. "ए प्लॅनिंग," ते हळूच म्हणाले, "उलटा धरलायस." आमच्या चार्टप्रमाणं आधी बॉयलर पेटत होता आणि मग तो खोलायचा होता. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच.

चेअरमन म्हणाले, "साहेब, बाण ऱ्हाऊ देत. दसऱ्याला पेटतोय का बॉयलर, एवढं सांगा."

"पेटतोय. मुहूर्ताला पेटतोय. न्हाय पेटला तर दुसऱ्या दिवशी मी घरी. पर पेटला, तर ठेकेदाराचं नाव परत ह्या खोलीत काढायचं न्हाय."

"ठरलं," चेअरमन म्हणाले. त्यांना ते सोपं वाटलं असावं.

बाहेर आल्यावर मी मनातल्या मनात हिशेब केला. साहेबांना दोन मुली, त्यातली एक लग्नाची, आणि राहायला कारखान्याचा बंगला. "साहेब, एवढं बोलायला नको होतं," मी म्हणालो. ते म्हणाले, "कागद नीट गुंडाळ."

आणि खरोखर काम चाललं हो! त्या वर्षी गाडी रुळावर होती. माणसं येऊन भिंतीपुढं उभी राहायची, आपापला खिळा शोधायची. "माझ्या बायकोला आज फ्लोट न्हाय, घरला लौकर जातो," असं बोलायला लागली. मला वाटायला लागलं की हे सगळं माझ्या लोकरीमुळं चाललंय.

दसरा जवळ आला आणि उस्ताद गायब झाला. "म्हातारीला बघून येतो" म्हणून गडहिंग्लजला गेला, तो परत आलाच नाही. नळ्या अर्ध्यावर. नळ्या झाल्याशिवाय सरकारी इन्स्पेक्टर पाण्याचा दाब लावून तपासणार नाही, तपासल्याशिवाय बॉयलरभोवतीची विटांची भिंत बांधून बंद करता येणार नाही. लाल लोकर उस्तादच्या खिळ्यापाशी थांबली. साहेब भिंतीपुढं फेऱ्या घालायला लागले, गमबूट फरशीवर चिकटून आवाज करायचे. "बोलीव त्याला," ते मला म्हणाले. "कसं बी करून बोलीव."

उस्तादच्या गल्लीत एका किराणा दुकानात फोन होता. मी ट्रंककॉल लावला. लाइन खराब, मधे नुसती खरखर. निरोप कसा थोडक्यात आणि मुद्देसूद असावा, याचं मी मनाशी पाठांतर केलं होतं.

"हॅलो! कारखान्यातून बोलतोय! उस्ताद क्रिटिकल पाथवर आहेत!"

"काय? उस्तादला काय झालंय?"

"क्रिटिकल! क्रिटिकलवर आहेत!"

"क्रिटिकल?"

"हो! क्रिटिकल! वेळ अजिबात नाही! घरी सांगा, ताबडतोब कारखान्यावर!"

मग दुकानदार म्हणाला, "आरं द्येवा. आत्ता सांगतो. आत्ताच्या आत्ता गाडी करून येत्यात सगळी."

मी फोन ठेवला आणि स्वतःवरच खूश झालो. एवढे महिने आम्ही घसा कोरडा करत होतो, आणि या माणसाला क्रिटिकल पाथचं महत्त्व एका शब्दात पटलं! साहेबांना जाऊन सांगितलं, "उद्या सकाळी हजर. गाडी करून येतोय." साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नोकरीतली पहिली आणि शेवटची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर रडारड ऐकू आली. वॉचमन धावत आला. "प्लॅनिंगसायेब, उस्ताद गेला की वो!"

"कुठं गेला?"

त्यानं नुसतं आभाळाकडं बोट केलं.

गेटवर बघितलं तर ट्रकभर माणसं उतरत होती. म्हातारे, बायका, मधोमध उस्तादची बायको. तिला दोघींनी दोन्ही दंडांना धरलेलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तसाच पळत बॉयलर हाउसमध्ये गेलो. "साहेब, उस्ताद वारले."

साहेब मटकन हत्यारांच्या पेटीवर बसले. "लई गुणी माणूस हुता रं," एवढंच म्हणाले. मग मान वर केली. "तुला कुणी सांगितलं?"

"वॉचमननं."

"त्याच्या आधी? त्याला कुणी सांगितलं?"

"गेटवरच्या माणसांनी."

"त्यास्नी कुणी?"

"त्यांच्या गल्लीतल्या दुकानदारानं."

"आन् त्याला कुणी?"

आमच्याकडं क्रिटिकल हा शब्द माणसं फक्त दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकतात. डॉक्टर बाहेर येऊन म्हणतो, आणि मग लोक गावाकडं निरोप धाडतात.

"मी," मी म्हणालो.

साहेब उठले. मला वाटलं, आता गमबूट काढून हाणतात. "आधी ह्ये सांग," ते म्हणाले, "उस्ताद घरात न्हाय, हितं न्हाय, मग गेला कुठं?"

हा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर तासाभरात मुरगूडकडून आलेल्या एसटीतून उतरलं. उस्ताद घरी गेलाच नव्हता. मुरगूडजवळ त्याच्या एका दोस्ताचं गुऱ्हाळ होतं, तिथलं इंजिन दुरुस्त करत बसला होता. मुरगूडच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "तुमच्या कारखान्यात कोन मिस्त्री वारलं म्हनं." कोण गेलं ते बघायला, मयताला वेळेत पोचायला म्हणून उस्ताद घाईघाईनं आला होता. खांद्यावर दोस्तानं दिलेला गुळाचा रवा, म्हणजे छोटी ढेप.

गर्दीत सगळ्यांत मागं त्याचा मेहुणा उभा होता. उस्तादनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "कोन गेलं रं?"

मेहुणा वळून न बघताच रडत म्हणाला, "आमचं दाजी."

"कुठलं दाजी?" म्हणून उस्तादनं रवा खाली ठेवला आणि तोही रडायला लागला.

मग मेहुण्यानं वळून बघितलं. त्यानं जी किंकाळी फोडली, ती मला अजून ऐकू येते. गर्दी बाजूला झाली. उस्तादची बायको समोर आली, एकदा त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि पायातली चप्पल काढली. "जित्ता हाईस व्हय रं! मी बांगड्या फोडाय बसलीया आन् तू गूळ आनतोस?" दोन बसल्यावर मग ती खाली बसली आणि खरी रडायला लागली. उस्ताद शेजारी उकिडवा बसून तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिला. त्या वेळी तिथं एकाचेही डोळे कोरडे नव्हते, आणि मी मात्र खांबामागं लपलो होतो.

साहेब पुढं झाले. "भाभी, चूक आमच्या माणसाची हाय. पर उस्ताद, तू खरंच क्रिटिकल हाईस."

भाभी ताडकन उठली. "आजून बी? काय हुतंय ह्यास्नी?"

मग साहेबांनी तिला गेटवरच, काडीनं मातीत बाण काढून, सगळं सांगितलं. नळ्या, इन्स्पेक्टर, दसरा. ती लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजे ह्यो अडला की सगळंच अडतंय," ती म्हणाली. "मग त्यात काय नवीन? घरात बी तसंच हाय की." आणि ट्रकमधल्या माणसांना तिनं सांगून टाकलं, "जावा तुम्ही. भट्टी पेटल्याबिगर मी हितनं हलत न्हाय, आन् ह्यो बी न्हाय."

ती कामगारांच्या चाळीत राहिली. दुपारचा डबा स्वतः बॉयलरपाशी आणायची आणि उस्ताद जेवून परत आत शिरेपर्यंत उभी राहायची. नळ्या झाल्या. इन्स्पेक्टर आला, दाब लावला, एक थेंब गळला नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी विटांची भिंत बांधून पुरी झाली. मी शेवटची लोकर बांधली आणि स्टुलावरच बसून राहिलो.

दसऱ्याची सकाळ. मुहूर्त अकराच्या सुमाराचा. मांडव, सनई, झेंडूची तोरणं. बॉयलर चेअरमनच्या हस्ते पेटणार होता. गेटवर हार घेऊन उभं राहायची जबाबदारी माझ्याकडं. चेअरमनचा राधानगरीकडं दुसरा एक कार्यक्रम होता, तो उरकून ते येणार होते. अकरा वाजत आले तरी जीप दिसेना. भाभी बॉयलर हाउसच्या पायरीवर उन्हात बसली होती. कुणीतरी तिला चहा दिला, तिनं हातानं नको म्हटलं. "भट्टी पेटू दे," म्हणाली. ओठ सुकलेले, डोकं भिंतीला टेकलेलं.

मी हार घेऊनच आत पळालो. "साहेब, जरा थांबूया. चेअरमन येतील की."

"कवा?"

साहेबांनी घड्याळ बघितलं, रस्त्याकडं बघितलं, मग पायरीकडं बघितलं. आणि चेअरमनसाठी चांदीच्या ताटात ठेवलेला तेलाचा पलिता उचलला.

"भाभी, या हिकडं. उस्ताद, तू बी ये."

भटजी 'अहो अहो' करत राहिले. भाभीनं पदर सावरला, पलिता दोन्ही हातांनी धरला आणि भट्टीच्या तोंडात घातला. आतलं बगॅस, म्हणजे उसाचं वाळलेलं चिपाड, भडकलं. मग वर धुराड्यातून काळा धूर निघाला, आणि सगळा कारखाना ओरडला. फिटर, खलाशी, वॉचमन, सगळे. मीही ओरडलो, हार हवेत फिरवून, त्यात त्याचा दोरा तुटला.

दुपार कलल्यावर जीप आली. चेअरमन उतरले, धुराड्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या तुटक्या हाराकडं बघितलं. "कुणी पेटवला?"

"वेळेवर पेटला, साहेब," मी म्हणालो.

"मी इचारलं, कुणी."

"उस्तादच्या बायकोनं," साहेब मागून म्हणाले.

चेअरमन हसले. मांडवात जाऊन त्यांनी पाऊण तास भाषण केलं. आपला कारखाना सगळ्या जातीधर्मांचा कसा आहे, आणि म्हणूनच आपण एका कष्टकरी भगिनीच्या हातून बॉयलर पेटवायला कसं सांगितलं होतं, ते सांगितलं. टाळ्या पडल्या. संध्याकाळी त्यांनी साहेबांना बंगल्यावर बोलावलं आणि राजीनामा द्यायला सांगितलं. ठेकेदाराचं नाव मात्र परत कुणी काढलं नाही. धूर सगळ्या गावांनी बघितला होता.

साहेबांचं सामान ट्रकमध्ये चढवायला मी गेलो. कामापेक्षा मधे मधे करणंच जास्त. पितळी हंडा बाईंच्या पायावर पाडला. मन भरून आलं होतं, आणि असं झालं की मला बोलायचं वेड लागतं. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही तत्त्वासाठी नोकरी सोडलीत. चार्टप्रमाणे मुहूर्त म्हणजे मुहूर्त. चेअरमनसाठीसुद्धा एक मिनिट थांबला नाहीत. मी हे आयुष्यभर..."

"चार्ट गेला खड्ड्यात," साहेब म्हणाले. ते गादी बांधत होते. "दोरी धर हितं. आरं, चेअरमनसाठी मी दिस मावळंस्तवर थांबलो असतो. कामधाम झालंच हुतं."

"मग का नाही थांबलात?"

त्यांनी गाठ आवळली, दातानं दोरीचं टोक ओढलं.

"ती बाई आदल्या दिवसापास्नं पाणी बी न घेता बसलीती. भट्टी पेटंस्तवर घेणार न्हाय म्हणून. चेअरमन नाष्टा करून येणार हुता."